विहिरीत सोडलेला कान

झेंडूचे ढीग चौकात येऊन पडले की मला एरंडेलाचा वास यायला लागतो. तिथं एरंडेल कुठंच नसतं. पिंपळे गुरवच्या आमच्या चौकात असतात त्या चाकणकडून आलेल्या फुलांच्या गोण्या, ऑक्टोबरचं चटका देणारं ऊन आणि विहारात न्यायची फुलं निवडताना अर्धा ढीग चिवडून ठेवणाऱ्या माझ्यासारख्या म्हाताऱ्या. सून म्हणते, आई, तुमच्या नाकाला काहीतरी झालंय. तिला काय सांगू? दसऱ्याच्या आधीचे हे दिवस आले की कुणाला श्रीखंड आठवतं, कुणाला सोनं वाटत हिंडलेल्या गल्ल्या आठवतात. मला एरंडेल आठवतं, पाठोपाठ पोटात खड्डा पडतो आणि लगेच तो भरूनही येतो. हे दरवर्षी होतं, आणि खरं सांगायचं तर त्या भरून येण्यासाठीच मी या दिवसांची वाट बघते.

यंदा तर कमाल झाली. गल्लीत पाणी कमी दाबानं यायला लागलं म्हणून महापालिकेची माणसं आली. मला वाटलं, आता रस्ता उकरणार आणि दिवाळीपर्यंत आम्ही खड्ड्यांतून उड्या मारणार. पण त्यांच्यातल्या एका बाप्यानं कानाला हेडफोन लावले, व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये वाकला आणि अंगठ्याएवढी एक काळी वस्तू तारेला धरून मोठ्या नळाच्या आत, पाण्यात सोडली. मी फुलांची पिशवी खाली ठेवली. ती वस्तू मी अंधारातसुद्धा ओळखली असती.

"हायड्रोफोन ना रे?" मी विचारलं.

"आजी, जरा गप्प बसा. ऐकू द्या," तो वर न बघता म्हणाला.

"ऐक बाबा, ऐक. पण आत सोडायच्या आधी साबणानं धुतलास का?"

तेव्हा मात्र त्यानं मान वर केली.

ते नेमकं कुठलं साल होतं ते सांगत बसत नाही. सत्तर मागं पडलं होतं आणि ऐंशी यायचं होतं. भोसरीला एमआयडीसीत तेव्हा कारखान्यांपेक्षा माळरान जास्त होतं. आमची कंपनी म्हणजे पत्र्याच्या दोन शेड, एक चिंच आणि मागच्या बाजूला एक विहीर. ही विहीर जमिनीबरोबर आलेली. मूळ मालकानं मळ्यासाठी खणलेली, दगडी बांधणीची, भरपूर पाण्याची. मळा गेला, मोट गेली, विहीर तेवढी राहिली आणि तिला आमच्या कंपनीत नोकरी लागली. कामाला बहुतेक आम्ही बायकाच. बारीक कामाला बायकांची बोटं बरी, असं मालक म्हणायचे. तोंडं कशी आहेत ते त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं असणार.

हायड्रोफोन म्हणजे पाण्यात ऐकणारा माईक. सभेत असतो तो माईक पाण्यात टाकला तर बुडून मरतो. त्याचा पातळ पडदा हवेच्या धक्क्यानं हलायला केलेला, पाण्याचा भार त्याला झेपत नाही. म्हणून याच्यात पडदा नसतो, कडी असते. चिनी मातीसारखी भाजलेली पांढरी कडी, करंगळीत बसेल एवढी, आतून-बाहेरून चांदीचा मुलामा दिलेली. ती दाबली की तिच्यातून विजेचा बारीकसा झटका निघतो. आता घरोघरी गॅसचा लायटर असतो ना, खटका दाबला की ठिणगी पडते, तोच प्रकार. फरक एवढाच की लायटर आपण अंगठ्यानं दाबतो आणि इथं दाबणारा असतो आवाज. पाण्यातला आवाज म्हणजे तरी काय, पाण्यानं शेजारच्या पाण्याला ढकलणं. ते ढकलणं कडीपर्यंत पोचलं की कडी कणभर आवळते, कणभर सैल होते, आणि त्याच तालावर वीज तारेतून वर येते. वर अँप्लिफायरचा डबा तिला मोठं करतो, आणि हेडफोनमध्ये पुन्हा तिचा आवाज होतो. मी झाळकामावर होते तेव्हा या कडीला केसासारख्या तारा जोडायचे. पहिले काही दिवस तर श्वास सोडायचीही भीती वाटायची.

त्या कडीला पाणी लागून चालत नाही. म्हणून तिच्यावर काळ्या रबराची टोपी, आणि टोपीत एरंडेल. हो, तेच, लहानपणी आमचं नाक दाबून पाजायचे ते. आमचे इंजिनियर मोघेसाहेब सांगायचे की पाण्यातून आलेला आवाज एरंडेलात शिरताना अडखळत नाही, त्याला वाटतं आपण अजून पाण्यातच आहोत. मात्र तेलात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी घात. पाण्यातल्या आवाजाला हवा म्हणजे भिंत, तिथून तो माघारी फिरतो. त्यासाठी तेल एका हंडीत घालून पंपानं आतली हवा ओढायची, तेल विस्तवाशिवाय खदखदायचं, आणि फेस बसला की मगच टोप्यांमध्ये भरायचं. सबंध शेडला तो वास. घरी गेले की आई म्हणायची, आधी हातपाय धू, मग चुलीपाशी ये.

आमचे माईक जायचे समुद्रावर. एवढा खटाटोप करून तिथं पाण्यात ऐकायचं काय, हा प्रश्न शेवंताबाईंचा. शेवंताबाई मोशीच्या पुढच्या एका खेड्यातून एसटीनं यायच्या. घरची शेती, हाताला कामाची सवय. तयार झालेले माईक धुणं आणि तपासणीसाठी दोराला बांधून विहिरीत सोडणं हे त्यांचं काम. वर बसून ऐकणं हे पुढं माझं काम झालं. आमची दोघींची जोडी.

"साहेब, मासं बोलत्यात व्हय?" त्यांनी एकदा मोघेसाहेबांना विचारलं.

"बोलतात की. काही तर कुरकुरतात, आपल्या स्टोअरकीपरसारखे."

मग साहेब तिथंच चहाचा कप घेऊन टेकले. म्हणाले, समुद्रात नजर फार लांब जात नाही, उजेड थोड्याच खोलीत विरून जातो. पण आवाज कोसच्या कोस जातो, आणि हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं. म्हणून पाण्यात डोळ्यांचं काम कानांनी करायचं. पाणबुडी दिसत नाही, तिचा पंखा ऐकू येतो. वरून आवाज सोडायचा आणि तळाला आपटून तो किती वेळानं परत येतो ते ऐकायचं, की समुद्र किती खोल ते कळतं. कोळ्यांना माशांचा थवा कुठं आहे ते कळतं. धरणाच्या भिंतीतून कुठं पाझर लागला तर तोसुद्धा सापडतो. आणि देवमासा म्हणे शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या देवमाशाला हाक मारतो. शेवंताबाईंना हे शेवटचं फार आवडलं. "मंग आमच्या धाकल्या जावंसारखंच की," म्हणाल्या, "ती बी घरातनं वरडती आन शिवारात ऐकू येतं."

आमच्या विहिरीत देवमासा नव्हता, पण जे होतं ते मला पुरेसं होतं. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी मी प्रमाण माईक पाण्यात सोडायला लावायचे. प्रमाण माईक म्हणजे ज्याच्याशी बाकीचे ताडून बघायचे तो. तो कायम पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलेला असायचा, कधी वाळू द्यायचा नाही. दोन पुरुष खोल गेला की मी हेडफोन लावायचे आणि विहीर सुरू व्हायची. वरून बघाल तर मख्ख हिरवं पाणी. आत बाजार भरलेला. पाणकिड्यांची किरकिर, एक थांबला की दुसरा. कपारीतून पाझरणाऱ्या झऱ्याची टिपटिप. कासव तळाच्या दगडांवरून सरकलं की खरर्. ओल्या दोरावरून थेंब पडला की तो कानात एखाद्या घुंगरासारखा वाजायचा. आणि या सगळ्याच्या खाली, खडकातून येणारा शेजारच्या फोर्जिंग शेडचा घण. धप्प. धप्प. मी कितीदा तरी काम नसतानाही ऐकत बसलेय. चाळीत राहणाऱ्या माणसाला असा एकांत कुठला मिळायला.

त्या घणाचं आणि आमच्या घराचं नातं होतं, म्हणून तोही सांगते. माझे वडील, आबा, पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. पत्रा दाबणारी ती अजस्र मशीन दिवसभर कानाशी. आधी त्यांना चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या, मग घड्याळाची टिकटिक गेली, मग आईचं बोलणं. थोरले आवाज शेवटपर्यंत राहिले, बारीक आधी गेले. अखेर कंपनीनं त्यांना घरी बसवलं. आबांची आईसुद्धा म्हातारपणी ठार बहिरी होती, त्यामुळे नातेवाईक म्हणाले, तुमच्या घराण्यातच आहे ते. प्रेसला कुणी बोल लावला नाही. आणि मी त्यांची मुलगी, म्हणजे पुढची पाळी कुणाची ते वेगळं सांगायला नको.

आबांनी बहिरेपण कधी कबूल केलं नाही. फार हुशारीनं लपवायचे. बसताना पाठ भिंतीला, म्हणजे सगळ्यांची तोंडं दिसतात. ओठांवर नजर. दुसरे हसले की क्षणभर मागून स्वतः हसायचे. आणि काहीही विचारलं की मान हलवून "व्हय व्हय, बरोबर हाय." एकदा आईनं विचारलं, रॉकेल संपलंय, आणता का, तर म्हणाले, बरोबर हाय. आम्ही हसलो, तेही हसले. पण "काय म्हणालीस?" असं त्यांनी आम्हाला एकदाही विचारलं नाही. विचारणं म्हणजे हार, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

आता खंडेनवमी. कारखान्याचा खरा सण तो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीन बंद, सगळी हत्यारं धुऊन-पुसून, तेलाचा हात फिरवून टेबलावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू, नारळ, पेढे. मी त्या दिवशी रजा घ्यायचे. आमच्या घरातून या पूजाअर्चा आईवडिलांनी दीक्षा घेतली तेव्हाच गेल्या होत्या, आणि दसऱ्याला आमचा धम्मचक्राचा दिवस. आम्ही सगळे देहूरोडला विहारात जायचो, पांढऱ्या साड्या, पाहुण्यांची गर्दी, खीर. कंपनीत मला कुणी कधी वेडंवाकडं बोललं नाही. पण आरतीच्या वेळी मी हात बांधून उभी आणि बाकीच्या माझ्याकडे न बघायची खटपट करताहेत, हे एकदा झालं होतं. तेवढं पुरे होतं. त्यापेक्षा रजा बरी, सगळ्यांनाच मोकळं वाटतं.

त्या वर्षी रजेवरून परत आले आणि सवयीनं हेडफोन लावले. शेवंताबाईंनी प्रमाण माईक खाली सोडला. विहीर सुरू झाली नाही.

म्हणजे अगदीच बंद नव्हती. घण ऐकू येत होता, धप्प, धप्प, जरा लांबून. पण पाणकिडे नव्हते. झरा नव्हता. दोरावरून थेंब पडताना मला डोळ्यांनी दिसला आणि कानात काही आलं नाही. मी डब्याची खुंटी वाढवली तर नुसती खरखर वाढली. दुसरा माईक सोडायला लावला, दसऱ्याआधी तयार झालेला कोरा. तेच. तिसरा. तेच. एरवी मीटरचा काटा बघून खात्री करता आली असती, पण मीटर दुरुस्तीला पुण्याला गेला होता. मोघेसाहेबच म्हणाले होते, "सुमनचे कान आहेत ना, मग मीटरची घाई कशाला?" तेव्हा मी केवढी फुगले होते. आता तेच वाक्य छातीवर येऊन बसलं. एखादा माईक बिघडेल, दोन बिघडतील. सगळेच्या सगळे कसे बिघडतील? सगळ्यांचे आवाज येऊन मिळतात ती जागा एकच, माझे कान. बारीक आवाज गेले, थोरला घण राहिला. आमच्या घरात हे असंच सुरू होतं, मला पाठ होतं ते.

"आलं का गं?" शेवंताबाईंनी काठावरून विचारलं.

"आलं," मी म्हणाले.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. आज घण फार आहे, उद्या ऐकू. आज दोर ओला आहे. आज माझं डोकं दुखतंय. माल पेटीत भरायचा खोळंबला होता आणि मी कारणं सांगत होते. घरी रोजच्या आवाजांवर कान तपासायला लागले. घड्याळ ऐकू येतंय? येतंय, पण कालच्याएवढं का? शेजारणीचा स्टोव्ह? भीतीनं ऐकायला बसलं की कुठलाच आवाज पुरेसा वाटत नाही. चांगल्या कानांनासुद्धा शंका येते. मला नोकरीची काळजी होती, ती तर होतीच, आबा घरी बसल्यावर घर माझ्यावरच होतं. पण त्याहून जास्त मला ती विहीर हवी होती. ज्यांनी कधी ऐकलंच नाही त्यांचं ठीक. मी ऐकलं होतं.

एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. आई काहीतरी सांगत होती, मी ऐकत होते. आबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि त्यांच्या त्या चढ्या, स्वतःला न ऐकू येणाऱ्या आवाजात म्हणाले,

"सुमन, किती दिस झालं?"

"कशाला किती दिवस?" आईनं विचारलं.

आबांनी स्वतःच्या कानाला बोट लावलं. मग माझ्याकडे दाखवलं. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की मी भिंतीला पाठ लावून बसले होते. नजर आईच्या ओठांवर होती. ती हसली की मी मागून हसत होते. त्यांचे सगळे डाव मी त्यांच्यासमोर बसून खेळत होते, आणि ते ओळखायला त्या घरात त्यांच्यापेक्षा जाणता कोण होता? मी ताटावरच रडायला लागले. आईला काही कळेना. आबा मात्र शांत होते. एवढंच म्हणाले, "उद्या दवाखान्यात जायाचं. मी येतो संगं." स्वतःच्या कानांसाठी त्यांनी दवाखान्याची पायरी एकदाच, कंपनीनं ढकललं म्हणून, चढली होती.

कामगार विम्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वयानं आईएवढ्या. त्यांनी बत्ती लावून कान बघितले, कान तपासायचा लोखंडी चिमटा वाजवून कानामागं टेकवला. मग मला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाल्या, मी मागून हळू बोलेन, तू मोठ्यानं म्हणायचं. माझ्यासमोर भिंतीला स्टूल होतं, त्यावर आबा बसले होते. मागून कुजबूज आली, पेरू. मी म्हणाले, पेरू. टाकी. टाकी. सासू. सासू. आवाज लांब लांब जात गेला, डॉक्टरीणबाई दारापर्यंत मागं सरकल्या असाव्यात. सुई. सुई. फूल. फूल. मी आबांकडे बघत होते आणि आबा माझ्या ओठांकडे. त्यांना ना कुजबूज ऐकू येत होती ना माझं उत्तर. पण डॉक्टरीणबाईंचे ओठ हलले की माझे हलतात का, एवढं ते टक लावून बघत होते, आणि माझे दर वेळी हलत होते.

"अगं, कान उत्तम आहेत तुझे," त्या पुढं येऊन म्हणाल्या. "माझ्यापेक्षा चांगले. कुणी घातलं हे डोक्यात?"

मी आबांकडे वळले, त्यांना सांगायला. त्यांनी हातानंच थांबवलं. "कळलं मला," म्हणाले, "एक बी सोडलं न्हाईस तू." आणि खिशातला रुमाल काढून त्यांनी आधी चष्मा पुसला, मग डोळे, मग उगाच पुन्हा चष्मा.

मी तशीच कंपनीत गेले. बसमध्ये कंडक्टरची घंटा, खिडकीची खडखड, मागच्या बाईच्या बांगड्या, सगळं कसं लख्ख ऐकू येत होतं. आणि कासारवाडी मागं पडता पडता डोक्यात प्रकाश पडला की कान चांगले असतील तर माईक वाईट आहेत. सगळेच्या सगळे. शेवंताबाई विहिरीपाशी दोराची गुंडाळी करत होत्या. मी म्हटलं, "बाई, सगळे माईक मेलेत. प्रमाण माईकसुद्धा. दसऱ्याच्या आधी चांगले होते, आता मेलेत. मध्ये काय झालं?"

त्यांच्या हातातली गुंडाळी सुटली.

"माज्याच हातनं झालं म्हनायचं," त्या म्हणाल्या आणि काठावर बसल्या.

मग हळूहळू बाहेर आलं. खंडेनवमीला त्यांनी सगळी हत्यारं धुतली, तसे माईकही धुतले. आमच्या जोडीचं तेच हत्यार. प्रमाण माईक बादलीतून काढला, धुऊन वाळवला, त्यालाही टेबलावर मांडला. पक्कड, कानस, करवत यांना तेलाचा हात फिरवतात, तसा माईकांवरही खोबरेलाचा हात फिरवला, रबर कसं चकचकीत दिसलं. वर हळदकुंकू.

"म्हटलं, सुमन न्हाई तर तिचं हत्यार उपाशी का ठिवायचं? पन दुसऱ्या दिशी मनात आलं, तू येशील, तुला कुकू दिसंल, तुला बरं न्हाई वाटायचं. म्हून समदं पुसून काढलं. डाग म्हून ठिवला न्हाई, बग तू."

"कशानं पुसलंत?"

"तिथंच फडकं हुतं, तेलाचं. कुकू निघाया तेलच लागतं की."

मी एका माईकवरून बोट फिरवलं, बोट बुळबुळीत झालं. मला वाईट वाटू नये म्हणून या बाईनं प्रत्येक माईक घासून घासून पुसला, आणि मला वाईट वाटू नये म्हणूनच मला सांगितलं नाही. आणि मी, माझ्यामुळे त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून रजा घेऊन बसले. आम्ही दोघी एकमेकींना इतकं जपत होतो की मधल्या मध्ये विहीर बंद पडली. मला हसू आवरेना. शेवंताबाईंना वाटलं, मला झटका आलाय.

शेडमधून काचेची बरणी आणली, पाणी भरलं, माईक आत सोडला. आणि दोघींनी बघितलं. सबंध रबरावर बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले, चांदीचा वर्ख लावल्यासारखे. तेलकट हातावर पाणी ठरत नाही ना, तसंच. तेलाला पाणी भिडत नव्हतं, मधल्या फटींत हवा राहिली होती, आणि पाण्यातल्या आवाजाला हवा म्हणजे भिंत. बारीक आवाज सगळे त्या भिंतीवरून माघारी जात होते. विहिरीत दोन पुरुष खाली हे कुणाला दिसणार?

साबणाचा चुरा घेतला. मी चोळत होते, शेवंताबाई पाणी ओतत होत्या. पुन्हा बरणीत सोडला तर पाणी रबराला सगळीकडून घट्ट बिलगलेलं, एक बुडबुडा नाही. तरी थोडा वेळ भिजू दिला. मग दोराला बांधून खाली सोडला. हेडफोन लावले. कान चांगले आहेत हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पण विहिरीनं अजून सांगितलं नव्हतं.

किरकिर. एक किडा. मग दुसरा. मग सगळा बाजार. झरा. आणि दोरावरून एक थेंब निसटला, पडताना दिसला, आणि वाजला.

"रडतीस का गं?" शेवंताबाई घाबरून म्हणाल्या. "येत न्हाई का आजून?"

"येतंय हो. सगळं येतंय," मी म्हणाले, आणि हेडफोन काढून त्यांच्या कानांना लावले. इतकी वर्षं त्या माईक खाली सोडत होत्या, पण ऐकलं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा. त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. मग म्हणाल्या, "आगं बाई, हितं तर वस्ती हाय."

मोघेसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी न धुतलेला एक माईक बरणीत सोडून उजेडात धरला, ते चांदीचे बुडबुडे बघितले आणि म्हणाले, "आत एरंडेल, बाहेर खोबरेल. माईक आहे का न्हाऊ घातलेलं पोर?" रागावले नाहीत. पुढच्या वर्षीपासून तेल फक्त लोखंडाला लागायचं ठरलं. मी त्या खंडेनवमीला रजा घेतली नाही. सकाळी सगळ्या माईकांना साबणाची आंघोळ मी घातली, शेवंताबाईंनी त्यांच्या टेबलाला झेंडूची माळ घातली, आणि आरतीच्या वेळी मी चिंचेखाली चहा पीत बसले. कुणी माझ्याकडे न बघायची खटपट केली नाही. पेढा मात्र शेवंताबाईंनी आणून हातावर ठेवला, आणि मी खाल्ला.

आमच्या गल्लीतल्या त्या महापालिकेच्या माणसानं शेवटी मला हेडफोन दिले. आता माझे कान वयानं उतरलेत, ते काही लपवण्यासारखं नाही. त्यानं आवाज वाढवला तेव्हा दूरवरून फुस्स असं काहीतरी ऐकू आलं. फुटलेल्या जागेतून पाणी निसटत होतं आणि ते निसटणं नळातल्या पाण्यातून इथवर पोचत होतं. मी हेडफोन परत केले तेव्हा तो काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, "ऐकू नाही आलं रे. परत सांग." त्यानं परत सांगितलं, मोठ्यानं. म्हणाला, आजी, धुतला होता बरं का साबणानं. बघा, 'परत सांग' म्हणणं किती सोपं असतं. पण हे म्हणायला आमच्या घरात फार वर्षं लागली होती.

त्या दिवशी, विहीर परत आली त्या दिवशी, मी संध्याकाळी घरी आले तर आबा ओट्यावर वाट बघत बसले होते. त्यांना माईकचं, तेलाचं, शेवंताबाईंचं सगळं हातवारे करून सांगितलं. त्यांनी नेहमीसारखी मान हलवली, व्हय व्हय. मग थोडं थांबून विचारलं, "काय ऐकू येतं गं तुला तितं, हिरीत?"

इतक्या वर्षांत घरातल्या कुणी मला हे विचारलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगायला लागले. पाणकिडे, झरा, कासव, थेंब, घण. ओरडूनच सांगत होते, चाळीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं असेल. सांगून झालं आणि मी थांबले, ते मान हलवतील म्हणून.

आबांनी मान हलवली नाही. माझ्या ओठांवरची नजर काढून त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "न्हाई ऐकू आलं. परत सांग."

मग मी सबंध विहीर पहिल्यापासून परत सांगितली.